उंदीर सांभाळणाऱ्या बाईंची गोष्ट

सकाळची बदलापूर लोकल अंबरनाथला येते तेव्हाच लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. उल्हासनगर, विठ्ठलवाडी गेलं की कोण कुणाच्या खांद्यावर डुलकी काढतंय तेही कळत नाही. या डब्यात आमचा एक ग्रुप आहे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी मंत्रालयात. त्यातलीच एक मुलगी अंबरनाथची. बी.एस्सी. झाली आणि मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत लागली. आधी काही वर्षं उंदरांकडे होती, आता माकडांच्या विभागात आहे. त्यांचं खाणंपिणं, वजन, आजारपण, पिंजऱ्यांची सफाई, सगळ्याची नोंद तिच्याकडे. सोबत दोन मदतनीस.

मध्यंतरी तिला बघायला मंडळी आली. आईने आधीच बजावून ठेवलं होतं, लॅबमध्ये आहे एवढंच सांगायचं. पण मुलाच्या आईने लॅबमध्ये नेमकं काय करतेस असं विचारलं आणि ही सरळ सांगून मोकळी झाली की माकडं सांभाळते. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, मंडळी उठली, पुढे काही कळवलंच नाही. घरी आजीचं वेगळंच. ती शनिवारी मारुतीला तेल घालून येते आणि नातीला विचारते, मारुतीरायाच्या लेकरांना कोंडून ठेवायचं हे कसलं गं काम? ती हे सगळं हसत हसत सांगत होती, पण नंतर डोंबिवली येईपर्यंत काही बोलली नाही.

मला त्या दिवशी डॉ. कमल रणदिवे आठवल्या. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या परिसरात त्यांनी आपलं जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. आपल्या डब्यात रोज एखादी तरी बाई फाइल छातीशी धरून टाटाला निघालेली दिसते. तिला कदाचित हे नावही ठाऊक नसेल. पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञ बाईंचं काम उभं राहिलं ते पिंजऱ्यांतल्या लहानशा उंदरांवर.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आई शांताबाई. मुलगा असो की मुलगी, शिक्षणात कसर नको, असं मानणारं ते घर. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये गेल्या. लेकीने डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं अशी वडिलांची फार इच्छा होती. लेकीने दोन्ही ऐकलं नाही! वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने बी.एस्सी. केलं, तेही विशेष प्रावीण्यासह. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी.

त्या काळी लग्न झालं की मुलीचं शिक्षण संपलं, असा सरळ हिशेब होता. इथे तसं झालं नाही. यजमानांनी पुढच्या शिक्षणाला मनापासून साथ दिली आणि १९४३ मध्ये कमलताई पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांची गुणसूत्रं. सीताफळावर अभ्यास करणारी ही बाई पुढे कॅन्सरकडे वळेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. पण पेशी बघायला शिकलेली नजर झाडातली काय आणि प्राण्यातली काय, कामाला येतेच.

पुण्याहून त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. कमलताईंना गुरू मिळाले ते असे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. घरात लहान मुलगा, रोज प्रयोगशाळा आणि रात्री लिखाण. आपल्यापैकी अनेकींना ही कसरत वेगळी समजावून सांगायला नको.

अभ्यासाचा विषय होता स्तनाचा कर्करोग, आणि अभ्यास चालायचा उंदरांवर. उंदरांच्या काही जाती अशा असतात की त्यांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो. दुसऱ्या काही जातींत तो क्वचितच दिसतो. हे असं का? वेगवेगळ्या जातींच्या माद्यांच्या निरोगी दुग्धग्रंथी कशा असतात, कशा वाढतात, फरक कुठे पडतो, हे कमलताई सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या.

आता मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या आणि त्या उंदरांच्या खोलीत डोकावू या. कारण सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी सगळ्यांना दिसते, पण तिच्यामागे किती राबणूक असते ते कुणी सांगत नाही.

प्रयोगाचा उंदीर म्हणजे कोठीच्या खोलीत सापळा लावून पकडलेला उंदीर नव्हे. त्याचा वंश शुद्ध असावा लागतो. त्यासाठी भावाबहिणींची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भावाबहिणींची जोडी लावायची. अशा ओळीने किमान वीस पिढ्या गेल्या की त्या जातीतले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. मग एकाला रोग झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर कारण त्याच्या खाण्यात आहे, संप्रेरकांत आहे की आणखी कशात, हे शोधता येतं. उंदरांची एक पिढी साधारण तीन महिन्यांची. वीस पिढ्या म्हणजे पाच-सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एखादा नर पिंजऱ्यातून निसटून भलत्याच मादीकडे गेला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तर सगळ्या वर्षांवर पाणी पडतं.

म्हणून प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड असतं. आई कोण, बाप कोण, कितवी पिढी, जन्मतारीख, पिल्लं किती, जगली किती. आपल्याकडे पत्रिकेत जेवढं लिहीत नाहीत तेवढं त्या कार्डावर! मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात, आणखी तीन आठवड्यांनी ती आईपासून वेगळी करायची. वेळेत केली नाहीत तर पिंजऱ्यात गर्दी आणि नोंदींत घोळ. नुकत्याच व्यालेल्या मादीजवळ फार आवाज झाला, उगाच हाताळलं, तर ती आपलीच पिल्लं खाऊन टाकते. मुंबईच्या दमट हवेत लाकडाचा भुसा लवकर ओला होतो, धान्याला बुरशी धरते. एका खोलीत साथ शिरली तर दोन-चार दिवसांत अख्खी वसाहत रिकामी होऊ शकते. आणि उंदरांना रविवार कळत नाही. दिवाळी असो, संप असो, २६ जुलै २००५ सारखा पाऊस असो, पाण्याच्या बाटल्या भराव्याच लागतात. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

अशा सांभाळलेल्या वसाहतींतूनच त्या काळी एक मोठा शोध लागला होता. अमेरिकेतले संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं, की कर्करोग होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मताच दुसऱ्या जातीच्या आईच्या अंगावर पाजायला ठेवली, तर त्यांच्यातलं कर्करोगाचं प्रमाण पुष्कळ कमी होतं. म्हणजे उंदरांत रोगाचं एक कारण दुधातून जात होतं. पुढे तो विषाणू असल्याचं सिद्ध झालं. (यावरून कुणी घाबरून जाऊ नका. माणसाच्या बाबतीत असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो.) आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हा धागा धरून कमलताई वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. बायकांमधला हा रोग आणि घराण्याचा वारसा यांचा संबंध ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. माणसात असा वारसा चालवणारं जनुक नेमकं हाती आलं ते थेट १९९४ मध्ये. आज आई किंवा मावशीला हा रोग होऊन गेला असेल तर डॉक्टर मुलीलाही तपासणी करून घ्यायला सांगतात, त्यामागे अशी लांबलचक साखळी आहे.

पीएच.डी. नंतर कमलताई रॉकफेलर फेलोशिप मिळवून अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि आजही त्या जगभर वापरल्या जातात. त्या बाईला मात्र कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. विज्ञानाच्या घरात अशाही न विचारता घेतलेल्या गोष्टी पडलेल्या असतात, हे विसरून चालत नाही.

तिकडे राहण्याचा मोह अनेकांना होतो. कमलताई परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. तिथे त्यांनी ऊतीसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा उभी केली. देशातली या प्रकारची ती पहिलीच. कर्करोगाच्या अभ्यासासाठी लागणाऱ्या उंदरांच्या जातीही इथे जोपासल्या गेल्या. त्यातली एक तर संस्थेच्याच आद्याक्षरांनी, आयसीआरसी या नावाने ओळखली जाते. परदेशातून दरवेळी उंदीर मागवत बसण्यापेक्षा आपल्या हवेत, आपल्या हाताखाली वाढलेली वसाहत असणं किती मोलाचं, हे परकीय चलनाची मारामार असलेल्या त्या दिवसांत वेगळं सांगायला नकोच. १९६६ ते १९७० या काळात कमलताईंनी संस्थेचं संचालकपदही सांभाळलं.

कर्करोगाच्या जोडीला कुष्ठरोगावरही काम चालू होतं. कुष्ठरोग्याच्या शरीरातून वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवलेला एक जंतू १९५८ मध्ये या संस्थेतून जगापुढे आला. त्यात खानोलकर आणि कमलताई या दोघांचाही हात होता. पुढे त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरची लस तयार करण्यात आली. १९६४ मध्ये कमलताईंना वाटुमल फाउंडेशनचं पारितोषिक मिळालं, १९८२ मध्ये पद्मभूषण.

मला मात्र त्यांचं आणखी एक काम फार जवळचं वाटतं, कारण ते आपल्या गल्लीबोळातलं आहे. १९७६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे प्रयोग हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावर होते. हॅमस्टरच्या गालात पिशवी असते, खाणं साठवायला. आपल्याकडे पान किंवा तंबाखूची गोळी गालात धरून ठेवतात ना, अगदी तसंच. सुपारी-तंबाखूने त्या नाजूक अस्तराचं काय होतं, ते त्या पिशवीत दिसलं. जगातल्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते असं जाहीर केलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी स्टेशनाबाहेर काय चालतं ते आपण बघतोच, आणि घरातल्या बायका मिशरी लावतात तेही बघतो. परळच्या त्या पिंजऱ्यांतून आलेला इशारा अजून आपल्या माजघरात पोचायचा आहे.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. तो टाळण्यासारखा नाहीच. हे प्राणी शेवटी मरतात, काहींना वेदना होतात आणि त्यांनी काही यासाठी अर्ज केलेला नसतो. उंदराबद्दल आपल्याला फारसं काही वाटत नाही, माकडाबद्दल वाटतं, कारण ते आपल्यासारखं बघतं. त्याला सांभाळणंही त्यामुळेच फार अवघड. उंदरीण तीन आठवड्यांत विते, माकडीण साडेपाच महिने पोट वागवते आणि बहुधा एकच पिल्लू होतं. ते कित्येक महिने आईच्या पोटाला चिकटून असतं. एकटं ठेवलेलं माकड झुरतं, तेच तेच हेलकावे घेत राहतं, स्वतःला चावून घेतं. त्याला सोबत लागते, चढायला जागा लागते, हाताला काहीतरी उद्योग लागतो. नुसतं खाणं देऊन भागत नाही, ते शोधायलाही लावावं लागतं. माणसाचा क्षय त्याला चटकन होतो, म्हणून सांभाळणारीचीही तपासणी होते. कळपात कोण मोठं, कोण कुणाला दबून आहे, नव्याला कुणाशेजारी ठेवायचं, हे जिला कळतं तिलाच ते जमतं. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे शास्त्र शिकवावं लागत नाही!

एके काळी आपल्याकडची हजारो माकडं पिंजऱ्यांत भरून परदेशी प्रयोगशाळांना जात. पोलिओची लस तयार झाली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७८ मध्ये सरकारने ही निर्यात थांबवली. त्याआधी १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा झाला. त्यासाठी राज्यसभेत चिवटपणे झगडल्या त्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. १९९८ च्या नियमांनी प्रयोगासाठी आधी समितीची परवानगी बंधनकारक झाली. प्राणी खरंच लागणार आहे का, किती लागणार, वेदना कशी कमी करणार, याची उत्तरं द्यावी लागतात. पण समितीची सही कागदावर असते. पिंजऱ्यापाशी रोज उभी असते ती आमच्या अंबरनाथच्या मुलीसारखी एखादी. आज हिने खाल्लं नाही, हा कोपऱ्यात का बसलाय, हे तिलाच आधी दिसतं. तिचं लक्ष नसेल तर प्राण्याचे हाल होतात आणि प्रयोगही फुकट जातो. मग त्या जिवाचं मरण दुप्पट वाया गेलं म्हणायचं.

कमलताईंच्या पिढीत विज्ञानात बायका किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या होत्या त्यांना घर, मूल आणि प्रयोगशाळा यांच्या कात्रीत काय होतं ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. म्हणून १९७३ मध्ये काही सहकारी मैत्रिणींना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला या संघटनेचं केंद्र आहे. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह उभं राहिलं, पाळणाघर सुरू झालं. शास्त्रज्ञ बायकांची संघटना आणि पाळणाघर, असं कुणाला विचित्र वाटेल. मला यात कमलताईंचा सगळा स्वभाव दिसतो. बाईने संशोधन करावं असं नुसतं भाषणात सांगून भागत नाही, ती लॅबमध्ये असताना तिचं मूल कुणीतरी बघावं लागतं.

निवृत्तीनंतर त्यांनी वेगळी वाट धरली. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूर नावाचं गाव आहे, आदिवासी भागातलं. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा करण्याचं काम सुरू केलं. महिला वैज्ञानिक संघटनेच्या माध्यमातून, सरकारी योजनांच्या आधाराने, त्या भागातल्या बायकांच्या आरोग्याकडेही लक्ष पुरवलं. आंतरराष्ट्रीय कीर्तीची बाई, तिला शहरात बसून व्याख्यानं देत फिरता आलं असतं. ती सह्याद्रीच्या कुशीतल्या मुलांकडे गेली. मला यात पहिल्या आयुष्याशी फारकत दिसत नाही. प्रत्येक जिवाची वेगळी नोंद करायची, कुणाचं पोट भरलं, कुणाचं राहिलं ते बघायचं, ही सवय त्यांना आधीपासूनच होती.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताई गेल्या. त्यांची संस्था पुढे नवी मुंबईत खारघरला नव्या जागेत गेली. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलने त्यांचं चित्र आपल्या पहिल्या पानावर लावलं, तेव्हा कितीतरी मराठी घरांत या कोण बुवा, असा प्रश्न पडला. आपल्याच लेकीची ओळख आपल्याला अशी बाहेरून करून घ्यावी लागते.

हे सगळं मी त्या मुलीला परवा गाडीत सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मग तिने पर्समधून एक छोटी वही काढून दाखवली. ऑफिसच्या नोंदी कॉम्प्युटरवर असतात, ही तिची स्वतःची. एका म्हाताऱ्या माकडिणीचे दात गेलेत, तिला केळं कुस्करून द्यायचं. एक नवा आलेला पिल्लू पाठ करून बसतो, त्याला गुरुवारपासून शेजार बदलून द्यायचा. असंच काहीबाही, बारीक अक्षरात. पुढच्या महिन्यात पुन्हा एक स्थळ येणार आहे म्हणाली. या वेळी काय सांगणार, असं मी विचारलं, तर ती वही पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाली की आईला सांगून टाकलंय, पोहे करायच्या आधीच फोनवर खरं काय ते कळवून टाक म्हणून.